देवाचा महिना

नाशिकच्या प्रसवविज्ञान संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एक काचेची भिंत होती आणि त्या भिंतीवर कोळमाथ्याच्या डोंगरातल्या सगळ्या गरोदर बायका होत्या. बायका म्हणजे त्यांच्या रेषा. डोंगरातल्या उपकेंद्रात बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, उडत्या टपाल्याने, म्हणजे ड्रोनने, तो दरी ओलांडून शहरात आणायचा आणि भिंतीवर त्या बाईची हिरवी रेषा एका ठिपक्याने पुढे सरकायची. डॉ. शेवंता खडकोळे रोज सकाळी चहाच्याही आधी या भिंतीसमोर येऊन उभी राही. आपण सगळ्याच रेषांवर नजर फिरवतोय असा आव ती आणायची, पण तिचा जीव एकाच रेषेत अडकलेला आहे हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ती रेषा तिच्या धाकट्या बहिणीची होती, मैनाची.

मैनाला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. नऊ वर्षं तिने सासरचे टोमणे ऐकले, माहेरची कीव ऐकली आणि दोन्हींना हसून उत्तरं दिली. आता हे एक मूल हातीपायी धड तिच्या मांडीवर यावं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, असं शेवंताने मनाशी ठरवून टाकलं होतं. शास्त्रज्ञाने असं काही ठरवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना बहिणी नसाव्यात.

रेषा होती ती एका संप्रेरकाची. गर्भाशयात बाळाला पोसणारी वार असते, ती अगदी सुरुवातीच्या आठवड्यांपासून आईच्या रक्तात हे संप्रेरक सोडू लागते. दिवस भरत जातात तसं ते चढत जातं आणि एका ठरावीक पातळीला पोचलं की कळा सुरू होतात. म्हणजे वार नुसती पोसत नाही, वेळही मोजते. संस्थेने या सगळ्या व्यवस्थेला नाव दिलं होतं ‘वारघड्याळ’. नाव ऐकून एका वार्ताहराला हे सोमवार-मंगळवार दाखवणारं यंत्र वाटलं होतं आणि त्याने तसं छापलंही होतं. दहाव्या आठवड्यात रक्तात संप्रेरक किती आहे ते कळलं की बाळ केव्हा येणार हे सांगता येई. अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर घड्याळ पुढे आहे. घड्याळ पुढे म्हणजे बाळ दिवस भरायच्या आत येणार.

आणि घाटवळ बायकांचं घड्याळ पुढे होतं. घाटवळ म्हणजे कोळमाथ्याच्या डोंगरात राहणारी माणसं, शेवंताची माणसं. मैदानातल्या बाईच्या तुलनेत घाटवळ बाईचं संप्रेरक त्याच आठवड्याला जवळजवळ दुप्पट निघे, आणि दहातली सात बाळंतपणं अपुऱ्या दिवसांची होत. रक्ताने जे भाकीत करावं ते बाळंतपणाने खरं करून दाखवावं, इतका चोख मेळ कुणी पाहिला नव्हता. मग घाटवळांसाठी भाकितात धरायचा वेगळा आकडा, ‘समाजगुणांक’, निघाला आणि त्याच्या पाठोपाठ धारणपट्टी निघाली. ही दंडाला चिकटवायची पट्टी वारेची हाक गर्भाशयापर्यंत पोचू देत नसे. कळा लांबत. चार वर्षांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं दहात सातावरून दहात एकावर आली. संस्थेला राष्ट्रीय सन्मान मिळाला, शेवंताचा फोटो उपकेंद्रांच्या भिंतींवर लागला. काही बाळं पोटातच दगावत होती, पण ज्या समाजाची वारच कमकुवत, तिथे थोडंफार असं व्हायचंच, असं सगळ्यांनी एकमेकांना समजावलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक बैठक होती. सहा वर्षांपूर्वी, काम सुरू व्हायच्या आधीची. संस्थेचे गणिती हुसेन शिकलगार यांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला होता.

“मॅडम, थेंबातलं संप्रेरक यंत्र मोजेल. पण हा थेंब कितव्या आठवड्यातला, ते कोण सांगणार?”

“सुरुवातीला सोनोग्राफी केली तर कळतं,” शेवंता म्हणाली. “पण गर्भलिंग कायद्यामुळे ते यंत्र डोंगरात हिंडवता येत नाही. म्हणून तर आपण रक्ताकडे वळलो. आठवडे बाईलाच विचारायचे.”

“आणि तिला सांगता येतील?”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “या बायकांना स्वतःच्या पोरांची वयं सांगता येत नाहीत.” दोन-तीन जण हसले.

शेवंताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “माझ्या आईने शाळेचं तोंड पाहिलं नाही,” ती म्हणाली, “पण चंद्राकडे बघून ती तिथी सांगते. आमच्या बायकांना तारीख विचारू नका, महिने विचारा. महिने मोजण्यात घाटवळ बाई चुकत नाही. तुमच्या घरच्या बायका फोनला विचारतात, ते सोडा.”

शिकलगारांनी मान डोलावली आणि प्रश्न मागे घेतला. त्या दिवशी घरी जाताना शेवंताला वाटलं होतं, आज आपण आपल्या माणसांचं काहीतरी ऋण फेडलं.

मैना आता संस्थेच्याच दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होती. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तिला डोंगरात कळा सुरू झाल्या होत्या. शेवंताने फोनवरूनच पट्टीचा जोर दुप्पट करायला लावला, कळा थांबल्या आणि बिनचालकाच्या रुग्णवाहिकेने मैनाला शहरात आणलं. त्याला तीन आठवडे झाले. एकोणचाळीस आठवडे पुरे झाले होते. येत्या सोमवारी पट्टी काढायची आणि बाळाला येऊ द्यायचं, असं ठरलं होतं. शेवंताने सुट्टी टाकली होती. टोपडंही आणलं होतं, आणि ते फार मोठं आहे म्हणून मैनाने तिची यथेच्छ थट्टा केली होती.

शिकलगार भिंतीपाशी आले ते हाताची घडी घालून. एरवी हा माणूस गणितातही विनोद शोधायचा. आज तो हसत नव्हता.

“मॅडम, एक कोडं आहे. पारू नावाची एक घाटवळ बाई. नवरा इथे बांधकामावर आहे, म्हणून गरोदरपणात शहरात आली. तिचं रक्त एकाच आठवड्यात दोनदा घेतलं गेलं. एकदा डोंगरात, एकदा इथल्या खाजगी दवाखान्यात.”

“मग?”

“संप्रेरक दोन्हीकडे तेवढंच. पण डोंगरातल्या केंद्रात ती आठव्या आठवड्यात आहे आणि पातळी धोक्याची. इथे सोनोग्राफीप्रमाणे ती बाराव्यात आहे आणि पातळी अगदी सर्वसाधारण.”

“नर्सच्या हातून चूक झाली असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून शहरात राहणाऱ्या आणि सुरुवातीलाच सोनोग्राफी झालेल्या सगळ्या घाटवळ बायका काढल्या. एकीचंही घड्याळ पुढे नाही. एकीचंही.”

“शहरातलं खाणं वेगळं असतं,” शेवंता म्हणाली. “चुलीचा धूर नाही, डोक्यावर लाकडाची मोळी नाही.”

“धुराने संप्रेरक बदलेल. पारूचे आठवडे कसे बदलतील? मधे चार आठवडे आहेत, मॅडम. तीन नाहीत, पाच नाहीत. चूक असती तर इतकी शिस्तीत नसती.”

शेवंताने भिंतीकडे पाठ केली. ती जिन्याने खाली गेली. चालता चालता तिला वाटत होतं की आपण उगाच जातोय, मैना हसेल आणि विषय संपेल.

मैना उशीला टेकून चिवडा खात होती. “आक्का, आज लवकर आलीस. भिंत पडली का तुझी?”

“मैने, एक सांग. तुला कितवा महिना?”

“आता गं! तुम्ही रोज माझं रक्त पिऊ राहिलेत, तुम्हांला ठाऊक नाही?”

“तू मोजून सांग. नीट.”

मैनाने चिवड्याची वाटी बाजूला ठेवली आणि डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. तिचे ओठ हलत होते. शेवंता त्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा करंगळीच्या दुसऱ्या पेरावर टेकला आणि तिथून वर चढत गेला.

“पहिलं पेर सोडलंस.”

“सोडायचंच असतं.”

“का?”

मैनाने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुला कुणी सांगितलं नाही ना? कसं सांगतील, तुझं लग्नच नाही झालं. बाईला दिवस गेले म्हणजे सासू कानात सांगती. पहिला महिना देवाचा. पाळी चुकेस्तोवर बाईला काय ठाऊक असतं पोटात काय आहे ते? तोवर पोर त्याच्यापाशीच असतं. तो महिना त्याचा त्याला ठेवायचा, आपण नाही मोजायचा. मोजला तर तो पोर माघारी मागतो.”

“नर्सबाईला सांगतानाही?”

“कुणालाबी. तोंडाने उच्चारायचाच नाही. आता तुझ्यापायी बोलले बघ मी.”

वैद्यकात आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. घाटवळ बाई पाळी चुकल्यापासून मोजते. दोन्हींच्या मधे एक महिना राहतो, देवाचा म्हणून सोडून दिलेला. शेवंता सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेली, तिथून वसतिगृहात, तिथून वैद्यकीय महाविद्यालयात. आपल्या माणसांविषयी आपल्याला सगळं माहीत आहे असं समजून ती भर बैठकीत बोलली होती.

“बाळ हलतंय का?” तिने विचारलं.

“काल सकाळी हललं. मंग निजू राहिलं. तूच म्हणालीस ना, पट्टीने पोटातलं शांत होतं.”

शेवंताने मैनाच्या दंडावरची पट्टी ओरबाडून काढली. मैना कळवळली. तिने पोटावर यंत्र ठेवलं. ठोका होता, पण फार सावकाश होता आणि मधेच दम खात होता. बाळाभोवतीचं पाणी जवळजवळ आटून गेलं होतं. तिने शस्त्रक्रियागृहाला हाक दिली.

मैनाला आत नेत असताना बोळातल्या भिंतीवरच्या बोलक्या यंत्रातून शिकलगारांचा आवाज आला. शेवंताने त्यांना वाटेतच दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं आणि ते वर भिंतीसमोर उभे होते.

“सगळ्या घाटवळ रेषांना चार आठवडे जोडले, मॅडम. त्या सरकल्या आणि इतर बायकांच्या रेषांवर जाऊन बसल्या. आता कोणती कुणाची ते मलाही सांगता येत नाही. फरकच नाही.”

“मग भाकितं खरी कशी ठरली?” तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी कुणीतरी दुसऱ्याने ते बोलावं असं तिला वाटत होतं.

“रक्तही आपण त्याच चुकीच्या दिवसापासून मोजलं आणि बाळंतपणही. रक्त चार आठवडे पुढे दिसलं, बाळ चार आठवडे आधी आल्यासारखं दिसलं. दोघांनी एकमेकांची साक्ष काढली आणि आपण ती मानली. तुमच्याकडची बाळं मुळातच चणीने लहान. पूर्ण दिवसांचं बाळ पाहूनही कुणाला शंका आली नाही. आणि ज्यांचे दिवस भरले होते, त्यांना आपण पट्टी लावून महिनाभर अडवून धरलं.”

“मैना?”

“त्रेचाळीस पुरे झालेत.”

कमकुवत वार घाटवळांच्या रक्तात नव्हती. वार म्हातारी झाली होती, कारण तिला तिची वेळ झाल्यावर थांबू दिलं नव्हतं. पोटात दगावलेल्या प्रत्येक बाळाचा अर्थ शेवंताला त्या बोळात उभ्या उभ्या लागला.

मुलगा झाला. पोटातून काढताना तो जिवंत होता. त्याच्या अंगावरचं वंगण केव्हाच नाहीसं झालं होतं, कातडी सुरकुतून हाताला सुटत होती, डोक्यावर दाट जावळ होतं आणि नखं बोटांच्या पुढे वाढली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला अशी नखं नसतात. त्याचे डोळे उघडे होते आणि कुणाची तरी फार वाट पाहून थकलेल्या माणसासारखा तो दिसत होता. पोटात असतानाच त्याला शी झाली होती आणि ती घाण त्याच्या छातीत गेली होती. डॉक्टरांनी शर्थ केली. शेवंताने स्वतः त्याच्या तोंडात श्वास फुंकला. तो रडला नाही. दुपार कलायच्या आत तो गेला.

तिने त्याला टोपडं घातलं. ते खरंच मोठं झालं. ते डोळ्यांवर येत होतं म्हणून तिने दोनदा मागे सारलं, आणि मग ती तिथेच भिंतीला टेकून हमसाहमशी रडली. परिचारिका बाहेर निघून गेल्या.

संध्याकाळी मैना शुद्धीवर आली. तिला सांगावं लागलं नाही. बाजूला पाळणा नव्हता एवढं तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं.

“मुलगा का मुलगी?”

“मुलगा.”

“मी तोंडाने बोलले ना, आक्का. देवाचा महिना मोजला मी. सासूने बजावलं होतं, जीव गेला तरी बोलू नको म्हणून. बोलले, आणि त्याच दिवशी माघारी नेलं त्याने.” ती रडत नव्हती. अगदी समजूतदारपणे बोलत होती. “तुझा काही दोष नाही. तू विचारलंस, पण बोलले तर मीच.”

शेवंता खाटेच्या कडेवर बसून होती. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरलं असतं. मैनाने सगळं जुळवून टाकलं होतं. सकाळी बोलणं झालं, दुपारी मूल गेलं, एकामागून दुसरं. वरच्या मजल्यावर सहा वर्षं त्यांनीही असंच जुळवलं होतं, रक्त आधी आणि बाळंतपण मागून. मैनाने ही गोष्ट डोंगरात नेली असती आणि मग कुठल्याही घाटवळ बाईने कुठल्याही डॉक्टरला तो महिना कधी सांगितला नसता. मैनानेही उरलेलं आयुष्य आपल्याच जिभेला दोष देत काढलं असतं. पण बहीण मात्र बहीण राहिली असती. शेवंताला ते फार हवंसं वाटलं. इतकं, की तिला स्वतःची भीती वाटली.

“मैने,” ती म्हणाली, “तुझ्या बोलण्याने नाही गेला तो. तुला डोंगरात कळा आल्या तेव्हाच त्याचे दिवस भरले होते. तो येऊ राहिला होता. मी त्याला येऊ दिलं नाही.”

“म्हंजी?”

“आम्ही तुझा एक महिना कमी धरला. आम्हांला वाटलं तो कच्चा आहे. म्हणून पट्टी लावून त्याला कोंडून ठेवला. तू त्या महिन्याचं बोललीस म्हणून तर कळलं. बोलली नसतीस तर तो सोमवारपर्यंत आतच राहिला असता.”

मैना तिच्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तिचा चेहरा हळूहळू परका होत गेला. शेवंताने तिचा हात धरायला हात पुढे केला. मैनाने आपला हात पांघरुणात घेतला.

“पट्टी तर सगळ्यांनाच लावू राहिलेत तुम्ही.”

“हो.”

“मंग ठमीचं पोर?”

“हो.”

“जनाक्काच्या सुनेचं? ती तर पट्टी काढून टाकू राहिली होती. तूच फोन करून रागावलीस तिला.”

“हो.”

“कोंडीचं?”

कोंडी कोण ते शेवंताला आठवेना. भिंतीवर ती एक रेषा असणार, केव्हातरी थांबलेली. “बहुतेक हो,” ती म्हणाली.

मैनाने आणखी नावं विचारली नाहीत. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. शेवंताला वाटलं ती आता रडेल, किंवा ओरडेल, निघून जा म्हणेल. त्यातलं काहीही तिला चाललं असतं. पण मैना अगदी साध्या आवाजात बोलली. लहानपणी दोघी एका गोधडीत निजायच्या तेव्हा बोलायची, तशी.

“आक्का, आपल्या बायकांना पोरं कच्ची होतात, हे तू येऊन सांगेस्तोवर डोंगरात कुणाला ठाऊकच नव्हतं गं.”